उकड (तांदळाच्या पिठाची)

तांदळाचे पीठ उकळत्या पाण्यात घालून, झाकून वाफ आणून, गरम असतानाच मळलेला गोळा म्हणजे उकड. उकडीचे मोदक, निवगऱ्या, पातोळ्या, मालवणी शिरवळे आणि कोकणातली तांदळाची भाकरी हे सारे उकडीचेच पदार्थ. घावन, आंबोळी किंवा अनारसेही तांदळाचेच, पण त्यांत उकड काढत नाहीत.

गव्हाच्या कणकेला ताण येतो तो ग्लूटेनमुळे. तांदळात ग्लूटेन नसते, म्हणून गार पाण्यात भिजवलेले तांदळाचे पीठ थापताना कडेने फाटते. उकळत्या पाण्यात पिठातले स्टार्चचे कण साधारण ६० ते ८० अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पीठ बांधून धरतात. उकड गार झाली की हाच स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो. म्हणूनच ती चटका सोसत मळायची, ओल्या फडक्याखाली झाकायची आणि लागेल तेवढीच काढून घ्यायची.

पिठासाठी तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून बारीक दळून आणतात. आंबेमोहोर, इंद्रायणी किंवा बासमती तुकडा घेतात; आंबेमोहोराचा वास मोदकाला फार शोभतो. नव्या तांदळाची उकड चिकट होते, तर जुना तांदूळ पाणी जास्त पितो. त्यामुळे वाटीभर पिठाला वाटीभर पाणी हे माप सुरुवातीपुरतेच धरावे. पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल, तूप किंवा लोणी घालतात. पाणी खळखळले की पीठ एकदम ओतून उलथन्याच्या दांड्याने ढवळायचे आणि मंद आचेवर झाकण ठेवायचे. पुढे परातीत तेल-पाण्याचा हात लावत मळायचे. मोदकाच्या मुखऱ्या (कडेच्या चुण्या) तुटतात तेव्हा दोष बहुधा बोटांना दिला जातो, पण चूक मळण्यात झालेली असते. पारी, म्हणजे सारण भरायची उकडीची वाटी, कडेला पातळ आणि तळाशी किंचित जाड ठेवली की ओल्या खोबऱ्याचे व गुळाचे सारण तिच्यात नीट राहते. उरलेल्या उकडीत मिरची, जिरे व कोथिंबीर घालून थापलेल्या आणि वाफवलेल्या चकत्या म्हणजे निवगऱ्या.

पातोळ्यांची उकड सैलसर असते. ती हळदीच्या पानावर पसरून, सारण भरून, पान दुमडून वाफवतात. कोकणात त्या नागपंचमीला होतात, तर गोव्यातील ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या, मारिया मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला. शिरवळ्यांसाठी उकडीचे मुटके शिजवून गरमागरम शेवग्यातून (शेवया पाडायच्या साच्यातून) दाबतात आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात.

हीच युक्ती भाताच्या इतर मुलखांतही आहे. तमिळ घरांत विनायक चतुर्थीला कोळुक्कट्टै, मलबारच्या माप्पिळा मुसलमानांत पत्तिरी, केरळात इडियप्पम, ओडिशात मंडा पिठा.

मराठीत उकड या नावाचा एक स्वतंत्र पदार्थही आहे. आंबट ताकात पीठ कालवून लसूण, हिरवी मिरची व कढीपत्त्याच्या फोडणीत शिजवतात. ती मऊ असते, मळायची नसते. ताटलीत वाढून वर कच्चे तेल घालून गरमच खातात.