हिंग, गहू आणि पेशींची बोहारीण

मुलाला सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाने आतडं बिघडवणारा आजार, निघाला की घरातली कणीक बंद होते. रवा, मैदा, शेवया जातात, बेकरीसमोरून जाताना मुलाचा हात घट्ट धरला जातो, तरी रक्तातलं टीटीजी, म्हणजे या आजाराची खूण सांगणारी प्रतिपिंडं, काही उतरत नाही. सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात अशा वेळी चोर सापडतो तो फोडणीच्या डब्यात! बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

एवढ्याशा गव्हाने काय बिघडतं? ग्लुटेनमधलं ग्लायडिन कुणालाच पुरतं पचत नाही. त्यातला 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा तर आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. सीलिअ‍ॅकच्या मुलांत मात्र प्रतिकारशक्ती त्या तुकड्यावर तुटून पडते. त्या झटापटीत लहान आतड्याच्या आतली मखमल झडते. अन्न अंगी लागत नाही, उंची खुंटते, रक्त कमी होतं.

यासाठी डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही जनुकं लागतात. पण ती असलेल्यांपैकी मोजकेच आजारी पडतात. म्हणजे आणखी काहीतरी चुकत असणार. संशयितांपैकी एक आहे ऑटोफॅजी.

जुनी साडी घेऊन पातेलं देणारी बोहारीण आठवते? पेशीतही तोच व्यवहार चालतो. झिजलेले भाग पातळ पडद्यात गुंडाळले जातात, लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, फोडले जातात आणि त्या मालातून नवं काही घडतं. ‘ऑटोफॅजी’ हे नाव 1963 मध्ये क्रिस्तियान द द्यूव यांनी दिलं. यीस्टमध्ये तिची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं.

सीलिअ‍ॅकमध्ये ग्लायडिनचे काही तुकडे आतड्याच्या पेशींत न फुटता रेंगाळतात. इटलीतल्या संशोधकांना आजारी मुलांच्या रक्तात आणि आतड्याच्या नमुन्यांत एटीजी7 आणि बीईसीएन1 या ऑटोफॅजीच्या दोन जनुकांचं काम मंदावलेलं दिसलं. बोहारीण यायची थांबली म्हणून घर तुंबलं, की घरातल्या गोंधळामुळे ती दारातूनच परतली, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

‘उपवासाने ऑटोफॅजी वाढते’ हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान या मुलांवर मुळीच चालवू नये. ती आधीच उपाशी असतात. आज उपचार एकच, ग्लुटेन आयुष्यभर बंद. आणि तेही तपासण्या झाल्यावरच, कारण आधी बंद केलं तर निदान हुकतं. ज्वारी, बाजरी, नाचणी आहेतच की आपल्याकडे. फक्त कोपऱ्यावरच्या गिरणीत आपल्या ज्वारीच्या आधी कुणाचे गहू दळले गेले, तेवढं विचारायचं.