सारांशात ‘&#8230;’ का दिसतं? फीडवर चालणाऱ्या ॲपच्या ग्राहकांसाठी माहिती

संकेतस्थळावर लेख नीट दिसतो, ॲपमध्ये मात्र सारांशाच्या शेवटी [&#8230;] उमटतं, अवतरणचिन्हाच्या जागी &#8217; येतं. फॉन्ट बदलून किंवा ॲप काढून पुन्हा टाकून हे जात नाही. गडबड असते ती मजकूर उलगडण्याच्या, म्हणजे सांकेतिक रूपातून मूळ चिन्ह परत मिळवण्याच्या पायरीत.

फीड म्हणजे संकेतस्थळ आपले ताजे लेख ॲपला ज्या फाइलीतून देतं ती; ती एक्सएमएल या खुणांच्या भाषेत असते. तिच्यात < आणि & या चिन्हांना व्याकरणाचा अर्थ असतो, म्हणून लेखातली तीच चिन्हं &#60; आणि &#38; अशी सांकेतिक रूपात लिहावी लागतात. दुसरा मार्ग सीडेटाचा: अख्खा मजकूर एका वेष्टनात घालायचा, मग आतल्या कशालाही एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम (पार्सर) हात लावत नाही.

वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली) एकाच फीडमध्ये हे दोन्ही करतं. शीर्षक उघडं असतं; त्यातला &#8217; पार्सरच उलगडतो. सारांश आणि पूर्ण लेख सीडेटात असतात; तिथला &#8230; जसाच्या तसा ॲपच्या हाती येतो आणि एचटीएमएल (वेबपानाची खुणांची भाषा) म्हणून वेगळा उलगडावा लागतो. नुसती शीर्षकं बघून ‘झालं काम’ म्हणणारे इथेच फसतात. लेख फीडऐवजी वर्डप्रेसच्या जेसन एपीआयमधून (ॲपला थेट डेटा देणाऱ्या दुसऱ्या मार्गाने) घेतले, तर शीर्षकंसुद्धा न उलगडलेलीच येतात.

मग सरसकट दोनदा उलगडलं तर? नको. लेखात कोणी एचटीएमएलचा टॅग (मांडणीची खूण) वाचण्यासाठी, उदाहरण म्हणून लिहिलेला असेल, तर जादा उलगडल्यावर तो खरा टॅग होतो आणि पडद्यावरून गायब होतो. त्याच वाटेने स्क्रिप्टही (मजकुरात दडवलेला प्रोग्रॅम) जिवंत होऊ शकते. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: पार्सर, मग एचटीएमएल उलगडणं, मग परवानगी असलेले टॅग ठेवून बाकीचे काढणं. अँड्रॉइडवर या शेवटच्या कामाला जेसूप या तयार कोडसंचातली सेफलिस्ट (परवानगी असलेल्या टॅगची यादी) पुरते. आधी टॅग काढले आणि नंतर उलगडलं, तर सांकेतिक रूपात लपलेला टॅग चाळणीतून निसटतो.

ॲटम या प्रकारचं फीड मजकुराचा प्रकार स्वतः सांगतं: साधा, एचटीएमएल की एक्सएचटीएमएल. आरएसएस २.० या दुसऱ्या प्रकारात ही सोय नाही, म्हणून आम्ही, ॲप बनवणारे, प्रत्येक फीड तपासून त्याची सेटिंग वेगळी ठेवतो.

‘शेती & पाणी’ या शीर्षकातलं फक्त ‘पाणी’ दिसत असेल, तर कारण निराळं. आयफोनवरचा एक्सएमएलपार्सर एकच मजकूर अनेक तुकड्यांत देऊ शकतो, आणि सांकेतिक चिन्हापाशी तर हमखास तुकडा पडतो. तुकडे जोडायचे सोडून प्रत्येक नवा तुकडा जुन्यावर लिहिला, की शेवटचा तेवढा उरतो.

मराठीला एक जास्तीची काळजी लागते. काही कळफलक ‘दुसऱ्या’मधला अर्धा र लिहिताना अदृश्य जोडचिन्ह (&#8205;) वापरतात. सफाईच्या नावाखाली सगळी अदृश्य चिन्हं काढली, तर ‘दुसर्या’ उरतं. सारांशही उलगडल्यानंतरच आणि पूर्ण अक्षराच्या सीमेवर कापायचा; अक्षरांऐवजी संगणकातले कोड मोजून कापला तर शेवटी लटकता हलंत किंवा ‘&#82’ असा तुटका अवशेष राहतो.

नोटिफिकेशन आणि यादीतल्या ओळी साधा मजकूर दाखवतात, म्हणून त्यांच्यासाठी टॅगविरहित प्रत लेख साठवतानाच बनवून ठेवतो. आयफोनवर एचटीएमएलचं रूपांतर मुख्य थ्रेडवरच (पडदा हलवणाऱ्या त्याच कामाच्या रांगेत) करावं लागतं. ते यादी सरकवताना केलं की यादी अडखळते. अँड्रॉइडच्या साध्या मजकूरचौकटीत तक्ते मांडले जात नाहीत आणि चित्रं आणण्याची सोय वेगळी लिहावी लागते. तक्ते असलेले लेख आम्ही वेबव्ह्यूमध्ये (ॲपमधल्या छोट्या ब्राउझरमध्ये), जावास्क्रिप्ट बंद ठेवून उघडतो.

आपल्याकडून एवढं हवं: पुढील शीर्षकाचा एक चाचणी लेख प्रसिद्ध करा.

शेती & पाणी: 'दुसऱ्या' दिवशी 5 < 7 - क्षेत्रफळ

हीच ओळ लेखाच्या पहिल्या परिच्छेदातही टाका; त्याखाली एक चित्र, एक तक्ता आणि पत्त्यात & असलेली एक लिंक द्या. मग यादी, लेखाचं पान आणि नोटिफिकेशन, तिन्ही ठिकाणी पाहा. शीर्षक बरोबर आणि सारांश चुकीचा असेल, तर सीडेटातला मजकूर उलगडायचा राहिला आहे. दोन्हीकडे &#8211; दिसत असेल, तर बहुधा फीड बनवणाऱ्या प्लगइननेच & पुन्हा सांकेतिक केलेला असतो, म्हणजे फाइलमध्ये &#38;#8211; असतं; ते संकेतस्थळाच्या बाजूने दुरुस्त व्हायला हवं. तक्रार पाठवताना स्क्रीनशॉटसोबत फीडचा पत्ता आणि लेखाची लिंकही द्या, कारण चित्रावरून फाइलमध्ये काय लिहिलंय ते कळत नाही.

फीड अख्खंच बंद पडलं, तर एखाद्या लेखात ‘एनबीएसपी’ हे मोकळ्या जागेचं एचटीएमएलमधलं सांकेतिक नाव सीडेटाबाहेर आलंय का ते आधी बघा. एक्सएमएलला अशी पाचच नावं मुळातून ठाऊक असतात, त्यात हे नाही. काटेकोर पार्सर तिथेच थांबतो. त्याऐवजी &#160; चालतं.

दुरुस्तीनंतरही जुने लेख तसेच दिसतील, कारण चुकीचा उलगडलेला मजकूर फोनमध्ये साठलेला असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘साठवलेले लेख पुन्हा आणा’ दाबा. फीडमध्ये वर्डप्रेस मुळात शेवटचे १० लेखच देतं. त्याआधीचे लेख आम्ही सर्व्हरवर ठेवलेल्या मूळ प्रतीवरून नव्याने उलगडून देतो.