कॅल्शियमच्या आनुवंशिक विकारांतील ‘अनिश्चित’ जनुकीय बदल : पार्श्वभूमी

जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ अद्याप निश्चित नसलेला बदल, असा शेरा आला की तपासणीचे पैसे वाया गेले असे अनेकांना वाटते. कॅल्शियमच्या विकारांत या शेऱ्याचे मूळ जनुक सापडण्याच्याही आधीच्या काळात आहे.

1972 साली अमेरिकेत फोली आणि सहकाऱ्यांनी अशा एका कुटुंबाची नोंद केली, ज्यातील अनेकांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेले होते, पण त्रास जवळजवळ कोणालाच नव्हता. अशा रुग्णांचे चित्र पॅराथायरॉइड ग्रंथीच्या (रक्तातील कॅल्शियमचे नियंत्रण करणाऱ्या, मानेतील लहान ग्रंथी) नेहमीच्या आजारासारखे दिसे, त्यामुळे काहींच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि तरीही कॅल्शियम उतरले नाही. फरक लघवीत होता. अशा कुटुंबांतील या आनुवंशिक विकारात मूत्रपिंड कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा एक टाकाऊ पदार्थ) यांच्या उत्सर्जनाचे गुणोत्तर सहसा 0.01 च्या खाली राहते. अडचण 0.01 ते 0.02 या पट्ट्यात येते, कारण तिथे दोन्ही आजारांचे रुग्ण सापडतात.

1993 साली बॉस्टनमधील ब्राऊन आणि हेबर्ट यांच्या गटाने गायीच्या पॅराथायरॉइडमधून कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर (पेशीवरील संवेदक प्रथिन) शोधला आणि त्याच वर्षी अशा कुटुंबांमध्ये त्याच्या ‘सीएएसआर’ जनुकात दोष आढळले. आता प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक होते, पण तसे झाले नाही. याच विकाराचे आणखी एक कारण म्हणून 2013 मध्ये सापडलेल्या ‘एपी2एस1’ जनुकात दोष जवळजवळ नेहमी त्याच्या प्रथिनातील 15व्या अमिनो आम्लावरच (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाचे घटक) आढळतो, म्हणून अर्थ लावणे सोपे जाते. ‘सीएएसआर’चे प्रथिन मात्र 1,078 अमिनो आम्लांचे आहे, त्यात बदल कुठेही सापडतात आणि त्यांतले कित्येक एकाच कुटुंबापुरते असतात.

2015 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी जनुकीय बदलांचे, निर्दोष ते रोगकारक असे, पाच वर्ग ठरवले. ‘बहुधा रोगकारक’ म्हणायला 90 टक्क्यांहून अधिक खात्री हवी, आणि पुराव्याअभावी जे कोणत्याच बाजूला ढकलता येत नाही ते ‘अनिश्चित’. निरोगी लोकांच्या जनुकीय माहितीसाठ्यात आढळणारा बदल निर्दोष धरण्याकडे कल असतो, पण हा विकार इतका सौम्य आहे की तो असलेली माणसेही निरोगी म्हणूनच त्या माहितीसाठ्यात गेलेली असू शकतात. माझ्या मते या विकारातील सर्वांत फसवी जागा हीच आहे. भारतीयांच्या बाबतीत तुलनेसाठी माहितीही तोकडी पडते, कारण हे साठे दीर्घकाळ युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले होते. सीएसआयआरच्या ‘इंडिजेन’ प्रकल्पात 1,029 भारतीयांचे जीनोम (संपूर्ण जनुकीय माहिती) वाचले गेले, ही मोलाची सुरुवात आहे.

प्रयोगशाळेत तो बदल पेशींमध्ये घालून, भोवतालचे कॅल्शियम टप्प्याटप्प्याने वाढवत, रिसेप्टर केव्हा जागा होतो हे मोजता येते, परंतु ही सोय प्रत्येक रुग्णालयाला नसते. आई-वडील आणि भावंडांचे रक्त व 24 तासांची लघवी मात्र कुठेही तपासता येते, आणि ज्यांच्यात कॅल्शियम वाढलेले आहे त्यांच्यातच तो बदलही आढळला, तर ‘अनिश्चित’ हा शेरा पुढच्या अहवालात बदलू शकतो. तोवर केवळ त्या शेऱ्याच्या आधारे ना शस्त्रक्रिया ठरवावी, ना रद्द करावी.