बंद वेष्टनातील रामन पडताळणी

औषधनिर्मितीसाठी आलेल्या कच्च्या मालाचे पिंप, पोते किंवा पिशवी न उघडता, बाहेरून लेसर किरण टाकून आतला पदार्थ लेबलावर लिहिलेलाच आहे का, हे ठरवण्याची पद्धत. ही ओळखपरीक्षा आहे. तिच्यातून शुद्धता ठरत नाही, आणि व्यवहारात ‘न उघडता’ या शब्दांचा अर्थही सगळीकडे सारखा नसतो.

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या भौतिकशास्त्रज्ञाचे नाव मराठीत ‘रमण’ व ‘रामन’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. मूळ तमिळ उच्चारात पहिले अक्षर दीर्घ असल्याने येथे ‘रामन’ हे रूप स्वीकारले आहे.

पद्धतीचा उगम कोठून धरायचा, याविषयी दोन स्तरांवर मतभेद आहेत. पहिला मतभेद मूळ परिणामाबद्दलचा. प्रकाश पदार्थावरून विखुरताना त्यातील थोड्या भागाची तरंगलांबी बदलावी, असे भाकीत आडोल्फ स्मेकाल यांनी 1923 मध्ये केले होते. चंद्रशेखर वेंकट रामन व के. एस. कृष्णन यांनी कलकत्त्यात द्रवांवर एकवटलेला सूर्यप्रकाश टाकून हा परिणाम पाहिला. त्याची तारीख 28 फेब्रुवारी 1928 मानतात आणि राष्ट्रीय विज्ञान दिन त्याच दिवशी असतो. मॉस्कोत लांड्सबर्ग व मांडेलश्टाम यांना क्वार्ट्‌झच्या स्फटिकात हाच परिणाम त्याच महिन्यात, बहुधा आठवडाभर आधी, दिसला होता; मात्र त्यांचे टिपण उन्हाळ्यात छापले गेले आणि कलकत्त्याचे मार्चअखेरच. रशियन ग्रंथांत आजही या परिणामासाठी ‘संयोगी प्रकीर्णन’ असा शब्द आढळतो. 1930 चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. प्रसिद्धीचा क्रम आणि पाहिलेल्या द्रवांची मोठी संख्या लक्षात घेता प्रचलित नाव बदलण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा मतभेद वेष्टनाबद्दलचा. पारदर्शक वेष्टनाचा विचार केला तर या पद्धतीला कोणी एक जनक नाही. रामन यांचे द्रवही काचेच्या बंद फुग्यांतच होते, त्यामुळे काचेतून मापन हे मूळ शोधाइतकेच जुने आहे. अपारदर्शक वेष्टनाबाबत मात्र 2005 हे वर्ष बरेचसे नक्की सांगता येते. त्या वर्षी इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत पावेल मातोउशेक व सहकाऱ्यांनी ‘स्थानांतरित रामन’ मापन, म्हणजे लेसर एका जागी टाकून परतणारा प्रकाश थोड्या अंतरावरून गोळा करण्याची रीत, मांडले. त्यांच्यासमोर औषधांची पिंपे नव्हती, तर एकावर एक भुकटीचे थर आणि हाडांसारख्या प्रकाश विखुरणाऱ्या पदार्थांच्या आतला भाग होता. वेष्टनातल्या औषधांवरील त्याचा उपयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. 1986 पासून वापरात आलेल्या 1064 नॅनोमीटर लेसरच्या फूर्ये पद्धतीलाही काही जण पूर्वसुरी मानतात. पण तिने अनुस्फुरणाची, म्हणजे लेसरखाली पदार्थ स्वतःच चमकून रामन संकेत झाकण्याची, अडचण कमी केली, वेष्टनाची नाही.

तत्त्व असे : पदार्थावर पडलेला बहुतेक प्रकाश तरंगलांबी न बदलता परततो. साधारण एक कोटी फोटॉनांत एखादाच रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवाणघेवाण करून बदललेल्या तरंगलांबीने बाहेर पडतो. या बदलांचा आलेख म्हणजे त्या रेणूचा ठसा; बदल प्रतिसेंटिमीटर या एककात मोजतात. पॅरासिटामॉलच्या आलेखात 1648, 1324, 858 व 652 प्रतिसेंटिमीटरच्या आसपास ठळक शिखरे येतात, पॉलिथिनच्या आलेखात 1295 व 1440 जवळ. पिशवी पातळ व पारदर्शक असेल तर दोन्ही ठसे एकत्र मिळतात आणि पॉलिथिनचा वजा करता येतो. जाड पांढऱ्या पिंपाच्या बाबतीत लेसर एका जागी टाकून परतणारा प्रकाश काही मिलिमीटर अंतरावरून गोळा करतात. खोलवर गेलेले फोटॉन बाजूला अधिक पसरलेले असतात, म्हणून दूरच्या मापनात आतल्या पदार्थाचा वाटा वाढतो आणि भिंतीचा घटतो. एका जागेचे व दूरचे अशा दोन मापनांची योग्य प्रमाणात वजाबाकी केली की आतला पदार्थ उरतो.

धातूच्या डब्यातून अर्थातच काही मिळत नाही. काळ्या प्लास्टिकमधील काजळी प्रकाश शोषून तापते. निळ्या पिंपातील रंगद्रव्य स्वतःच मोठा रामन संकेत देते, तर कागदी पोती व तपकिरी काच यांचे अनुस्फुरण त्रास देते. पदार्थांनाही मर्यादा आहेत. खाण्याच्या मिठाला, म्हणजे सोडियम क्लोराइडला, त्याच्या स्फटिकाच्या सममितीमुळे नेहमीच्या अर्थाने रामन शिखरे नसतात. सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज 785 नॅनोमीटरच्या लेसरखाली चमकते. मक्याचा व बटाट्याचा स्टार्च एकमेकांपासून वेगळे काढणे अवघड असते. याउलट जलयुक्त व निर्जल लॅक्टोज किंवा कार्बामाझेपिन या औषधाची वेगवेगळी स्फटिकरूपे ही पद्धत चांगली ओळखते.

मिळालेला आलेख संदर्भ-आलेखांच्या संग्रहातील नमुन्याशी ताडण्याच्या दोन रीती आहेत. सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन आलेख किती जुळतात हे सांगणारा आकडा, 0.95 च्या वर गेला की ‘पास’ ही सोपी व जुनी रीत. मापनातील अनिश्चितता हिशेबात घेऊन संभाव्यता काढणे ही दुसरी. पहिल्या रीतीत ठळक शिखरे जुळली की लहान फरक झाकले जातात, म्हणून दुसरी अधिक सावध वाटते. मात्र तिला चांगले संदर्भमापन लागते. उपकरण रोज पॉलिस्टायरीनच्या 1001 प्रतिसेंटिमीटरजवळच्या शिखरावर तपासून घेण्याची प्रथा आहे.

मुंबई परिसरात ही पद्धत मुख्यतः निर्यातदार कारखान्यांतून आली असावी. तारापूर, ठाणे-बेलापूर पट्टा आणि भिवंडीची गोदामे येथे माल न्हावाशेवा बंदरातून किंवा व्यापाऱ्यांच्या साखळीतून येतो. औषधनिर्मितीच्या युरोपीय नियमांच्या आठव्या परिशिष्टानुसार संपूर्ण बॅचची ओळख खात्रीने सांगायची तर सर्वसाधारणपणे प्रत्येक पिंपातून नमुना घेऊन ओळखपरीक्षा करावी लागते. पूर्वापार रीत पिंपांच्या संख्येचे वर्गमूळ अधिक एक इतकीच पिंपे तपासण्याची होती. शंभर पिंपांपैकी अकरा उघडायची आणि उरलेल्या एकोणनव्वदांवर विश्वास ठेवायचा.

स्टोअरमध्ये पाहिले तर ‘न उघडता’ चा अर्थ कळतो. पिंपाची लोखंडी कडी सैल करून झाकण उचलले की दोन पिशव्या दिसतात. बाहेरची काळी, आतली पारदर्शक, दोन्ही प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेल्या. काळ्या पिशवीतून लेसर जात नाही, म्हणून तिचे तोंड सोडतात. आतली तशीच ठेवून उपकरणाचे तोंड तिच्यावर घट्ट टेकवतात. काही सेकंदांत उपकरणाच्या पडद्यावर ‘पास’ची हिरवी पट्टी येते आणि पिशवी पुन्हा बांधली जाते. जुलैतील मुंबईच्या दमट हवेत आतली पिशवी उघडावी लागत नाही, हा लाभ ओलावा ओढणाऱ्या पोव्हिडोनसारख्या पदार्थांत मोठा आहे. तरी याला ‘बंद वेष्टन’ म्हणणे थोडे सैल बोलणे होय. ‘बंद आतली पिशवी’ म्हणणे अधिक अचूक.

या शहराला ओळखपरीक्षेचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारी 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल हा विषारी द्रव मिसळलेले ग्लिसरीन दिल्याने चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. ग्लिसरीनच्या जागी भलताच द्रव किंवा त्यात मोठी भेसळ असेल तर रामन मापनात ती उघड होईल. पण अमेरिकी औषधकोशाने 2009 पासून ग्लिसरीनच्या ओळखपरीक्षेतच एथिलिन व डायएथिलिन ग्लायकॉल प्रत्येकी 0.10 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे अशी मर्यादा घातली. ती पातळी पिंपाबाहेरून दिसत नाही. तिथे वायुवर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) लागते आणि त्याच्या नमुन्यासाठी निळ्या पिंपाचे झाकण उघडावेच लागते.