दीपगृहाला कडा कशाला हवा?

कोल्हापूरकर समुद्राला निघाला की बहुधा आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठतो. रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन, भाट्याची वाळू, जेवणात मासे, की गाडी परत घाटाला. त्या किल्ल्यावरचं १८६७ सालचं दीपगृह फोटोत मागे येतं, तेवढंच. खरं तर थोडं थांबून बघावं असं तिथे तेच आहे.

ते खडकाळ कड्यावर बांधलं त्यामागे साधं गणित आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिज जवळ असतं. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. वाळूत उभं राहिलं, तर जेमतेम साडेचार. दिवा समुद्रापासून १०० मीटर उंच धरला, तर त्याचं क्षितिज ३६ किलोमीटरवर जातं. जहाजावरचा माणूस नऊ मीटर उंचीवर असेल, तर त्याचे आणखी जवळजवळ अकरा. म्हणजे सत्तेचाळीसेक किलोमीटरवरून दिवा दिसू शकतो. मात्र उंची दुप्पट केली तरी अंतर दुप्पट होत नाही, दीडपटही नाही. म्हणून नुसता मनोरा वाढवत नेणं परवडत नाही. निसर्गानं कडा दिला असेल, तर त्यावर ठेंगणा मनोराही पुरतो.

पण दिसू शकणं वेगळं आणि दिसणं वेगळं. तेलाच्या दिव्याचा उजेड चहूकडे पसरतो. बराचसा आभाळात आणि पायथ्याशी वाया जातो. तो गोळा करून समुद्राकडे पाठवायला मोठं भिंग लागतं. तेवढं भिंग अखंड काचेचं केलं तर भयंकर जड होतं, शिवाय जाड काचच बराच उजेड गिळते. फ्रान्सच्या ओग्युस्तँ फ्रेनेलनं नेमकं हेरलं, की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागाशी. पोटातली काच नुसती ओझं. त्यानं ती काढूनच टाकली आणि भिंग पायऱ्यापायऱ्यांच्या गोल काचकड्यांचं केलं. वर-खाली लोलक (प्रिझम) बसवून निसटणारा उजेडही आडव्या झोतात वळवता येऊ लागला. १८२३ मध्ये फ्रान्समधल्याच कोर्दुआनच्या दीपगृहात असं भिंग पहिल्यांदा लागलं. कॉलेजातल्या जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेखाली गोल गोल रेघांचा पत्रा असायचा, तो याच घराण्यातला.

मोठी भिंगं काही टन वजनाची. ती फिरवायची, तीही संथ आणि एकसारखी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर उपाय निघाला पाऱ्याचा: भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवायचं. पारा पाण्याच्या साडेतेरा पट घन, त्यामुळे थोडक्या पाऱ्यावर एवढं धूड तरंगतं आणि बोटानं ढकललं तरी वळतं. युक्ती देखणी, पण पाऱ्याची वाफ विषारी. त्या बंद खोलीत रात्री काढणाऱ्या राखणदारांची आठवण कौतुकाच्या भरात सहसा राहत नाही.

फिरवण्याचं कारण शोभा नव्हे. प्रत्येक दीपगृहाच्या झळकांचा ताल ठरलेला असतो. खलाशी सेकंद मोजतो, नकाशात बघतो आणि दिवा कुठला ते ओळखतो. जीपीएस बंद पडलं तरी हे चालतं.

आता आपल्याकडचा प्रश्न: घाटमाथ्यावरून हा दिवा दिसेल का? ६०० मीटर उंचीवरून क्षितिज ८७ किलोमीटरवर असतं आणि आंब्याहून रत्नागिरी सरळ रेषेत त्याच्या आतच आहे. म्हणजे पृथ्वीची गोलाई आड येत नाही. आड येऊ शकतात ते मधले जांभ्याचे सडे आणि किनाऱ्यावरची दमट, धुरकट हवा. कोल्हापूर शहरातून मात्र आशा नको. मध्ये सह्याद्री उभा आहे.