टाकणखाराचे बोरॉन आणि हायड्रोजनचे कोठार

शहापूरच्या एखाद्या सोनाराकडे दागिन्याला डाख लावताना पाहिले, तर तो सांध्यावर आधी टाकणखार घालतो असे दिसते. तापलेल्या धातूवर जमणारा ऑक्साइडचा थर हा खार विरघळवून टाकतो आणि सांधा स्वच्छ बसतो. टाकणखारात बोरॉन असते व त्याची ऑक्सिजनशी घट्ट जवळीक असते. याच बोरॉनभोवती ऑक्सिजनऐवजी हायड्रोजनचे चार अणू बसवले आणि जोडीला लिथियम, सोडियम किंवा मॅग्नेशियम यांसारखा धातू दिला, की बोरोहायड्राइड हा घन पदार्थ तयार होतो. हायड्रोजन साठवण्यासाठी त्याच्याइतकी मोठी आशा फार थोड्या पदार्थांनी दाखवली आहे.

आशेचे कारण आकड्यांत आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे १२० मेगाजूल, म्हणजे एक किलो पेट्रोलच्या पावणेतीनपट ऊर्जा असते. पण हा वायू इतका विरळ की वाहनात तो ७०० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबाने भरावा लागतो, आणि तरीही एका घनमीटरात सुमारे ४० किलोच मावतो. उणे २५३ अंशांवर द्रवरूप केला तरी ७१ किलोच्या आसपास. लिथियम बोरोहायड्राइडच्या एका घनमीटरात मात्र कोणत्याही दाबाशिवाय सुमारे १२० किलो हायड्रोजन असतो आणि पदार्थाच्या वजनाचा १८.५ टक्के भाग हायड्रोजनच असतो. मोटारीला लागणारा पाच किलो हायड्रोजन जेमतेम ४० लिटर पदार्थात बसेल, असा हा हिशेब आहे.

अडचण तो बाहेर काढण्याची आहे. बोरॉन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध मजबूत असल्यामुळे लिथियम बोरोहायड्राइड सुमारे २८० अंशांवर वितळते, पण हायड्रोजनचा मोठा भाग ४०० अंशांच्या आसपास आणि त्यापुढेच सोडते. तोही सगळा नव्हे, कारण एक चतुर्थांश भाग लिथियम हायड्राइडमध्ये अडकून राहतो. या कामी लागणारी उष्णता हायड्रोजनमधून मिळणाऱ्या ऊर्जेच्या पाव हिश्श्याहून अधिक भरते, म्हणजे रुपयातले चार आणे कोठाराचे दार उघडण्यातच जातात. रिकामे झालेले कोठार पुन्हा भरायचे तर ६०० अंश तापमान आणि शेकडो बार दाब लागतो.

यावरचा मला सर्वांत सुंदर वाटणारा उपाय २००५ साली पुढे आला. लिथियम बोरोहायड्राइडमध्ये मॅग्नेशियम हायड्राइड मिसळले, तर सुटे बोरॉन मागे न राहता ते मॅग्नेशियमशी जोडले जाऊन मॅग्नेशियम बोराइड बनते. उरणारा पदार्थच अधिक स्थिर असल्यामुळे हायड्रोजन सोडायला कमी ऊर्जा पुरते आणि परत भरणेही सोपे होते. साठा ११ टक्क्यांच्या घरात येतो, पण क्रिया अजूनही संथच चालते. पदार्थ कार्बनच्या नॅनोमीटर मापाच्या छिद्रांत कोंडला तर वेग वाढतो. मात्र त्या कार्बनचे वजन वाहावे लागते. मॅग्नेशियम बोरोहायड्राइड तीनशे अंशांच्या सुमारास फुटू लागते खरे, पण वाटेत बारा बोरॉन अणूंचे हट्टी पिंजरे तयार होतात आणि हायड्रोजन त्यांत अडकतो.

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांकडे पाहिले, की खरा पेच ध्यानात येतो. ओतकामाच्या भट्ट्यांतून ४०० अंशांहून अधिक तापलेली हवा सहज बाहेर पडते, म्हणजे बोरोहायड्राइडला हवी ती उष्णता तेथे आहे. पण जमिनीवर पक्क्या ठेवलेल्या टाकीला हलकेपणाची गरज नसते, आणि तेथे साधे, स्वस्त मॅग्नेशियम हायड्राइडही चालून जाते. हलकेपणा हवा तो वाहनाला, आणि वाहनातला इंधनघट, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणारे उपकरण, चालतो सुमारे ८० अंशांवर.

सोडियम बोरोहायड्राइडने ही उष्णतेची अट ओलांडली. उत्प्रेरकाच्या साहाय्याने ते पाण्याशी संयोग पावते, नेहमीच्या तापमानाला हायड्रोजन देते आणि त्यातला निम्मा हायड्रोजन तर पाण्यातूनच येतो. परंतु मागे उरतो सोडियम मेटाबोरेट, टाकणखाराचाच जवळचा भाऊबंद. बोरॉनने पुन्हा ऑक्सिजनला धरलेले असते, आणि ती पकड सोडवून बोरोहायड्राइड परत बनवण्यास मिळालेल्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खर्ची पडते. वाहनातील साठवणुकीसाठी हा मार्ग पुढे चालवू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडे २००७ साली झाली ती इतर कारणांबरोबर याही कारणामुळे.