पोकळ पोलादी तुळयांची बकलिंग चाचणी

पोकळ पोलादी नळी किती भाराला एकदम बाजूला बाक घेते किंवा तिची भिंत कधी चेपते, हे ठरवणारी चाचणी. नाशिकला सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडचे ट्रस (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि दिंडोरी भागातली पॉलिहाउस अशी हलकी कामे गोल-चौकोनी पाइपांत होतात, म्हणून हा विषय इथे पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही.

पाइपाबरोबर येणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर ओढून तपासलेल्या पोलादाची ताकद असते. बकलिंग मात्र मुख्यतः आकार, लांबी आणि टोकांची पकड यांवर ठरते. 48.3 मिमी व्यासाची, 3.2 मिमी जाडीची, 240 मेगापास्कल यील्डची (ज्या ताणाला पोलाद कायमचे विकृत होऊ लागते) नळी घेतली तर तिचे पोलाद चेपायला सुमारे 109 किलोन्यूटन लागतात. तीच 3 मीटर लांब आणि टोकांशी बिजागरीसारखी मोकळी असेल, तर ऑयलरच्या सूत्राने (आदर्श सरळ दांडा किती भाराला बाकेल ते सांगणाऱ्या) 25 किलोन्यूटनलाच बाकते. तेवढ्याच वजनाची भरीव सळई 4 किलोन्यूटनही पेलत नाही.

प्रत्यक्ष आकडा सूत्राहून कमी येतो, कारण नळी पूर्ण सरळ नसते आणि वळवताना, वेल्ड करताना तिच्यात ताण उरतात. पोलादी बांधकामाचे भारतीय मानक आयएस 800:2007 म्हणूनच थंड घडवलेल्या नळ्यांना गरम घडवलेल्यांपेक्षा खालचा, म्हणजे कमी ताकद धरणारा वक्र लावते.

आखूड तुकडा युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनमध्ये (नमुना ओढणाऱ्या-दाबणाऱ्या यंत्रात) दाबला की भिंतीचा स्थानिक फुगवटा दिसतो. लांब नमुन्यात खरी कसोटी टोकांची: ती नकळत जखडली गेली की निकाल फुगतो, कारण पूर्ण जखडलेल्या टोकांचा सैद्धांतिक भार चौपट असतो. मध्यावर डायल गेज (सूक्ष्म सरक मोजणारे घड्याळी मापक) लावून झुकाव नोंदतात. साउथवेलच्या 1932 च्या आलेखपद्धतीने नमुना न मोडता क्रांतिक भार, म्हणजे बाकण्याचा भार, काढता येतो. तुळई म्हणून तपासताना दोन ठिकाणी भार देतात. नळीचा बंद छेद (काटछेद) पिळाला ताठ असल्याने तो आडवा कलंडणे विरळा. टेकूपाशी भिंत चेपण्याकडे मात्र लक्ष हवे.

नाशिकसाठी आयएस 875 या भारांच्या मानकाचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर आहे. वळवाच्या वाऱ्याने हलके छत वर ओढले गेले की ट्रसची एरवी ताणात असलेली खालची नळी दाबात जाते. आयएस 800 तिला सडपातळपणा (लांबी आणि छेदाच्या परिभ्रमण त्रिज्येचे गुणोत्तर) 350 पर्यंत चालवते, नेहमीच्या दाबातल्या भागाला फक्त 180; आधी उदाहरणात घेतलेली 3 मीटर नळी 188 भरते. पण 350 च्या आत बसली म्हणून भाराची तपासणी सुटत नाही. नळी कमी पडली तर जाड पाइप घेण्याआधी आडवे टाय (जोडदांडे) टाकून मोकळी, म्हणजे आधाराविना राहिलेली लांबी तोडून पाहावी. ती निम्मी झाली की ऑयलर भार चौपट होतो.